हळदीच्या गोदामातला खर्ज

[दृश्य: सांगली. रात्रीचं हळदीचं गोदाम, शटर अर्धं खाली. कॅमेरा छतावर.]

गिटारची जाड तार छेडली की या गोदामात आधी पत्रा वाजतो, गिटार नंतर.

म्हणून अल्बमच्या कामातली पहिली रात्र रेकॉर्डिंगची नसते, शिडीची असते. मोबाइलमधून एक साधा सूर बेस अँपला द्यायचा आणि तो ३० हर्ट्झपासून १२० पर्यंत सावकाश चढवत न्यायचा. एकाने शिडीवर उभं राहून पत्र्यावर तळहात दाबत फिरायचं. जिथे हात ठेवल्यावर खडखडाट थांबतो तिथला जे-हुक, म्हणजे पत्रा धरणारा वाकडा आकडा, ढिला आहे. खाली रबरी वॉशर घालून तो आवळायचा. मग शटर, मग खिडकीची जाळी, मग भिंतीवरचा मीटरबोर्ड. शेवटी सापडते ती टाळे लावायची कडी. नेहमीच.

भिंतींना वाकळा आणि जुन्या कापसाच्या गाद्या लावल्यात, भिंतीपासून वीतभर पुढे. चिकटून लावल्या तर त्या वरचे सूर गिळतात आणि खालचे तसेच सोडतात. मागे हवा ठेवली तर थोडं खालपर्यंत काम करतात. खर्जाचा उपाय मात्र कोपऱ्यातच करावा लागतो, कारण खर्ज कोपऱ्यात साचतो. चिपाडाने भरलेली पोती कोपऱ्यात छतापर्यंत रचली की फरक कळतो. ओलं चिपाड आठवड्यात बुरसतं, वाळलेलं ठिणगीने पेटतं. त्यामुळे पोती आणि गरम अँप यांच्यात सहा फूट अंतर, आणि दाराशी वाळूची बादली.

[दृश्य: तिघं साहित्य मांडताना.]

तिघांचा बँड आहे. एकाकडे गिटार आणि गाणं, एकाकडे बेस, एकाकडे ड्रम. वाजवतात ते स्टोनर रॉक: संथ, फझने (गिटारच्या मुद्दाम फाडलेल्या आवाजाने) भरलेलं, एकच रिफ, म्हणजे सुरांचा छोटा तुकडा, दळणासारखी फिरवत ठेवणारं. पहिला अल्बम उन्हाळी दुपारीसारखा होता, पसरलेला आणि सैल. दुसरा त्यांना काळोखा हवाय, आणि जड.

जड म्हटलं की बहुतेक बँड दोन गोष्टी करतात: गेन (अँपमध्ये शिरणाऱ्या आवाजाची ताकद) वाढवतात आणि बेसचा नॉब शेवटपर्यंत फिरवतात. दोन्हींनी आवाज सुजतो. सुजलेला माणूस आणि पैलवान यांतला फरक सांगलीत कुणाला समजावून सांगायला नको.

खालच्या पट्टीची ही रीत बर्मिंगहॅमची. ब्लॅक सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. तिथे मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. प्लॅस्टिक वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे तारा सैल ठेवायला सुरुवात केली. १९७१ साली आलेल्या त्यांच्या तिसऱ्या अल्बमवर बरीच गाणी नेहमीपेक्षा तीन सेमीटोन (अर्धे स्वर) खाली आहेत. नव्वदच्या आसपास कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात कायससारख्या बँडनी हाच आवाज जनरेटर लावून उघड्यावर वाजवला, आणखी खाली नेला आणि गिटार बेसच्या अँपमधून काढली. जो जिल्हा १९१० पासून किर्लोस्करवाडी पाहतोय, त्याला कारखान्यातून निघालेलं संगीत परकं वाटायचं कारण नाही.

[दृश्य: गिटारच्या खुंट्या. शेजारी पेटी, तिच्या पट्ट्यांवर बोट.]

पेटीच्या भाषेत सांगायचं तर गिटारची सगळ्यात जाड तार नेहमी पांढरी तीनला असते, ८२.४ हर्ट्झ. पहिला अल्बम पांढरी दोनमध्ये झाला, ७३.४. हा आहे पांढरी एकमध्ये, ६५.४. एकच गाणं त्याहून खाली, पांढरी सातला.

नुसत्या खुंट्या सैल करून हे होत नाही. तारेवरचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ४६ ची तार (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) पांढरी तीनवरून पांढरी एकवर उतरवली की ताण जवळपास ६३ टक्क्यांवर येतो. मग ती तार जोरात मारली की आधी सूर चढतो आणि नंतर जागेवर येतो. संथ गाण्यात तो चढ लपत नाही. पहिलाच ताण परत हवा असेल तर जाडी त्याच प्रमाणात वाढवायची: ८२.४ भागिले ६५.४, गुणिले ४६. उत्तर ५८. पांढरी सातसाठी ६२ ची तार लागते.

जाड तार लावली की तीन ठिकाणी अडतं. नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या हाडी पट्टीची, खाच अरुंद पडते, तार वर बसते आणि गिटारच्या पहिल्या तीन पट्ट्यांवर (फ्रेटवर) सूर चढा लागतो. दुसऱ्या टोकाला तार टेकते ते सॅडल मागे सरकवावं लागतं, आणि कधी मागे जागाच उरत नाही. तेव्हा सॅडलमागची स्प्रिंग काढायची. बाराव्या पट्टीवर दाबलेला सूर आणि तार नुसती स्पर्शून निघणारा तिथलाच हार्मोनिक जुळेपर्यंत हे चालतं. तिसरी अडचण खुंटीच्या भोकाची; तिथे तार आधी वाकवायची आणि मगच जादा कापायची. आधी कापली तर वेढा सुटतो आणि तार मुकी होते.

[दृश्य: मिरज, सतारमेकर गल्ली. घोडीवर चाललेली कानस.]

नटच्या खाचा मिरजेत कानसून आणल्यात. सांगलीहून मिरजेला जायला अर्धा तास पुरतो, आणि हाडावर कानस चालवणारे याहून सरस हात कुठे मिळणार? इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. काम मात्र उलटं पडतं. तंबोऱ्याच्या घोडीला पसरट, किंचित गोलाई देतात, म्हणजे तार सुटताना पृष्ठभागाला घासत राहते आणि वरचे स्वर फुलतात. ती जवारी. गिटारच्या नटमध्ये हेच घासणं दोष ठरतं. तिथे खाच खुंटीच्या बाजूला उतरती हवी आणि तार पट्टीकडच्या कडेवरच टेकायला हवी.

गिटारवर जवारीचं काम फझ करतो.

[दृश्य: ऑसिलोस्कोपवरची लाट. फझ सुरू होताच तिचे माथे सपाट.]

फझ म्हणजे लाटेचा माथा आणि तळ छाटणं. दोन्ही बाजू सारख्या छाटल्या की विषम पटींचे स्वर उगवतात. ६५ च्या तारेतून १९६, ३२७ आणि पुढचे. एक बाजू जास्त छाटली की सम पटीही येतात आणि आवाज गरम वाटतो. दोन स्वर एकत्र दिले की आणखी एक गोष्ट घडते. सा ६५.४ आणि प ९८, यांतला फरक ३२.६. म्हणजे कुणीही न वाजवलेला, एक सप्तक खालचा सा फझमधून आपोआप बाहेर पडतो. म्हणून स्टोनर रॉक इतकं सा-प वर जगतं. तंबोराही त्याच जोडीवर उभा असतो. त्यात ग मिसळला तर फरक १७ च्या आसपास येतो, जो स्वर म्हणून ऐकूच येत नाही. नुसता चिखल.

या अल्बमचा काळोख तिथूनच आलाय. जुन्या रिफ सा, कोमल ग, म, प, कोमल नी एवढ्यात फिरायच्या, ब्लूजच्या घरातल्या. नव्या रिफमध्ये कोमल रे आणि तीव्र म आले. सा आणि तीव्र म एकत्र फझमध्ये घातले की फरकाचा स्वर २७ च्या जवळ पडतो, कुठल्याच सा शी न जुळणारा. आवाज आतून कुरतडल्यासारखा होतो. म्हणून तो फार वेळ धरायचा नसतो. एक मात्रा, फार तर दोन, आणि परत सा-प वर. सोडवल्यावर जे वजन उतरतं, तेच हवंय.

पायाने दाबायचे फझ पेडल दोन आहेत. एक जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा, साठच्या दशकातल्या सर्किटवर बेतलेला. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. गळती वाढते, बायस (ट्रान्झिस्टरची ठरवलेली बैठक) सरकतो आणि सूर मध्येच तुटक तुटक येतो, नळात हवा भरल्यासारखा. एप्रिलमधल्या सांगलीच्या दुपारी तो वाजवूच नये. रात्री अकरानंतर, पेडल फरशीवर ठेवून. दुसरा बिग मफच्या जातीचा. ते सर्किट १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये आलं: चार ट्रान्झिस्टर, दोन टप्प्यांत छाटणी, आणि टोनच्या सर्किटमुळे एक हजार हर्ट्झजवळ पडलेला खड्डा. खोलीत एकटा वाजवला तर हा पेडल डोंगराएवढा वाटतो. बेस आणि ड्रम आले की त्याच खड्ड्यात गिटार गडप होते. उपाय: अँपवर मिडलचा नॉब घड्याळातल्या तीनच्या जागी, बेसचा दहाच्या जागी, आणि पेडलचा गेन वाटतो त्यापेक्षा कमी. डावीकडे एक गिटार, उजवीकडे तीच पुन्हा वाजवलेली दुसरी. चार-चार थर घातले की तारेवरची चोट पुसली जाते, आणि चोट गेली की वजनही जातं.

[दृश्य: मीटरबोर्ड. व्होल्टमीटरचा काटा हलतोय.]

विजेची दोन दुखणी आहेत. पहिलं व्होल्टेजचं. आसपासचे पंप सुरू झाले की २३० चे १९५ होतात. अँपमधल्या ट्यूबच्या (काचेच्या व्हॉल्व्हच्या) हीटरला ६.३ व्होल्ट हवेत, पोहोचतात ५.३. आवाज लवचिक होतो, काहींना तो आवडतोही, पण सकाळचा टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) आणि रात्रीचा टेक जुळत नाहीत. म्हणून स्टॅबिलायझर. घरातला चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर इथे नको, त्याची करकर थेट टेकमध्ये उतरते.

दुसरं दुखणं सुराचं. आपली वीज ५० हर्ट्झची. पांढरी एकचा पंचम ४९ चा. म्हणजे अँपची घरघर या अल्बमच्या पंचमाला खेटून, सेमीटोनच्या तिसऱ्या हिश्शाने चढी. बेसूर तंबोरा लावून गायला बसावं, तसं. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर घ्यायची. घरघर थांबते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे शहाणे असतात. त्यांना गिटार आणि माइक एकदम हातात धरायला सांगू नये, जीव जाईल. हळू आवाज बंद करणारा नॉइज गेटही नको, कारण तो सुराची शेपूट कापतो आणि या संगीतात शेपूटच तर ऐकायची असते.

शंभर वॉटचा अँप इथे मिरवायला. पन्नासचा त्याहून फक्त ३ डेसिबलने हळू, आणि माइकसमोर पंधरा वॉटचा ट्यूब अँप पुरतो. तो पूर्ण उघडता येतो, ट्यूब घाम गाळतात. स्पीकर जोडल्याशिवाय मात्र कधीच चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. माइक एसएम५७, जाळीपासून दोन बोटं, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर. टोपीच्या मध्यावर धरला तर फझ माशीसारखा गुणगुणतो.

[दृश्य: ड्रम. काठी वर जाते, खाली यायला वेळ घेते.]

लय मिनिटाला ६२ ठोके. चार ठोक्यांचं आवर्तन पावणेचार सेकंदांहून लांब. अवघड जागा ही आहे, गिटार नव्हे. दोन ठोक्यांमधल्या सेकंदभरात माणूस घाबरतो आणि पुढे सरकतो. मेट्रोनोम (ठोके मोजून देणारं यंत्र) चौथाईवर ठेवला तर हमखास घाई होते. आठव्या हिश्शावर ठेवायचा आणि मनात त्याचेही दोन करायचे. विलंबित एकतालात तबलजी हेच करतो. ज्या मिरजेत अब्दुल करीम खाँ राहिले, तिथे संथपणाला कंटाळा म्हणण्याची पद्धत नाही.

स्नेअर ड्रमच्या तळाची तारांची जाळी बेसच्या प्रत्येक सुराला चुरचुरते. ती थोडी आवळायची, बेसचा अँप दुसऱ्या खोलीत. वरचे दोन माइक स्नेअरपासून सारख्या अंतरावर, दोरीने मोजून, नाहीतर स्नेअर पोकळ येतो. बेसला पाच तारी सेटच्या जाड चार तारा, सगळ्यात जाड १३०. तो दोन ट्रॅकवर: स्वच्छ आवाज १५० हर्ट्झच्या खाली, फझ त्याच्या वर.

[दृश्य: हरिपूर. पेवाचं तोंड. दोरीला बांधलेला स्पीकर खाली जातोय.]

अल्बमचा प्रतिध्वनी कॉम्प्युटरमधला नाही. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवातला आहे. हळद साठवायची ही जमिनीतली कोठारं. वर माणूस उतरेल एवढं तोंड, आत मोठं पोट. २००५ च्या महापुरात बरीच निकामी झाली. अशाच एका रिकाम्या पेवात स्पीकर आणि माइक सोडलाय. रेकॉर्ड झालेला स्नेअर आणि गळा त्या स्पीकरवर वाजवायचा, माइकने परत घ्यायचा.

माती वरचे स्वर शोषते, म्हणून परत येतो तो आवाज काळपट, तोंडावर घागर धरल्यासारखा. पंधरा फूट खोलीच्या पेवात ३७-३८ हर्ट्झला घुमारा साचतो, तो पांढरी एकशी भांडतो. त्यामुळे १५० च्या खालचं काही आत पाठवायचंच नाही. कंडेन्सर माइक ओलीने तडतडतो, साधा डायनॅमिक घ्यायचा. आणि उतरायचं कुणीच नाही. बंद पेवात प्राणवायू नसतो, जड वायू तळाला बसतो. तोंड उघडं ठेवून कंदील सोडून पाहायची जुनी रीत आहे, पण कंदील जळला म्हणून खात्री होत नाही. सगळं दोरीने.

[दृश्य: मोबाइलवर वाजणारं मिक्स. मग टेपवर मोजलेली मिनिटं.]

मोबाइलच्या स्पीकरवर ६५ हर्ट्झ येतच नाहीत. तरी तो सूर ऐकू येतो, कारण १३१, १९६, २६२ ऐकले की मेंदू खालचा सा भरून घेतो. तो भरला नाही, तर मिक्समध्ये बेस वाढवायचा नाही. फझचा मधला पट्टा दोन डेसिबल उचलायचा.

तबकडीही काढायची आहे. खर्ज जास्त तितकी खाच रुंद आणि वेळ कमी. म्हणून एका बाजूला १८ ते २० मिनिटांत थांबायचं आणि शंभर-दीडशे हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो, म्हणजे डावीउजवीकडे एकसारखं, ठेवायचं, नाहीतर सुई उडते. आतल्या वळणांत वरचे स्वर फाटतात, म्हणून झांजांची गाणी बाहेरच्या बाजूला. पांढरी सातचं ते एकमेव गाणं सगळ्यात शेवटी, लेबलजवळ. त्यात झांज नाहीच.

[दृश्य: पहाट. अँपचा लाल दिवा.]

शेवटचा टेक संपल्यावर आधी स्टँडबाय, मग मेन स्विच. ट्यूब हाताला सोसतील इतक्या निवेपर्यंत, निदान वीस मिनिटं, अँप हलवायचा नाही. तापलेली ट्यूब गाडीच्या पहिल्याच धक्क्याला जाते. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. वाजवू दे.