अ‍ॅरेमधून यादृच्छिक एलईडी कसा निवडावा?

नमस्कार. समोरच्या ब्रेडबोर्डवरचे पाच एलईडी आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डच्या ३, ५, ६, ९ आणि १० या पिनांना, प्रत्येकी २२० ओहमचा रेझिस्टर लावून, जोडलेले आहेत. पुढे कोणता दिवा लागेल हे पाहणाऱ्याला आधी कळू नये, एवढेच आपल्याला साधायचे आहे.

३ ते १० मधली कोणतीही संख्या थेट मागितली, तर ४, ७ किंवा ८ हीही उत्तरे येतील, आणि त्या पिनांना तर काहीच जोडलेले नाही. म्हणून पिनांचे क्रमांक याच क्रमाने एका अ‍ॅरेमध्ये, म्हणजे क्रमवार यादीत, ठेवावेत आणि यादृच्छिक निवड पिनची न करता तिच्या अ‍ॅरेमधल्या स्थानाची करावी. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण उद्या तारा हलवल्या तरी अ‍ॅरेची एकच ओळ बदलावी लागते.

स्थाने शून्यापासून मोजली जातात. रँडम या फंक्शनला ५ दिले, की ते ० ते ४ यांपैकी एक संख्या देते. दिलेली वरची मर्यादा त्यात धरली जात नाही. येथे ४ लिहिले, तर शेवटचा एलईडी कधीच लागत नाही आणि आपण विनाकारण जोडणी तपासत बसतो. ६ लिहिणे त्याहून वाईट, कारण सी++ भाषा अ‍ॅरेची हद्द तपासत नाही आणि शेजारच्या मेमरीत जे असेल तेच पिनचा क्रमांक म्हणून वापरले जाऊ शकते.

या संख्या गणिताने तयार होत असल्यामुळे प्रत्येक रीसेटनंतर तोच क्रम पुन्हा येतो. ते टाळण्यासाठी सेटअपमध्ये, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात, मोकळ्या सोडलेल्या ए० पिनचे अ‍ॅनालॉगरीडने घेतलेले अस्थिर वाचन रँडमसीडला, म्हणजे क्रमाची सुरुवात ठरवणाऱ्या फंक्शनला, द्यावे. दिव्यांच्या खेळाला एवढे पुरते. पासवर्ड बनवायला मात्र हा मार्ग वापरू नये.

आता उरतो प्रश्न पुनरावृत्तीचा. पाचांत एकदा तोच एलईडी पुन्हा निवडला जातो आणि दिवा अडकल्यासारखा दिसतो. यावर उपाय असा, की मागच्या स्थानात १ ते ४ यांपैकी एक यादृच्छिक संख्या मिळवावी आणि बेरजेला ५ ने भागून बाकी घ्यावी. मागचे स्थान ३ असेल आणि संख्या ४ आली, तर बेरीज ७, बाकी २, म्हणजे ६ क्रमांकाची पिन. मात्र नवे स्थान साठवण्यापूर्वी जुना एलईडी विझवावा, नाहीतर कोणता विझवायचा होता हेच प्रोग्रॅमला ठाऊक उरत नाही आणि हळूहळू पाचही दिवे लागलेले राहतात.