बक्षीस बैलाला की तिकिटाला?

नमस्कार मंडळी. मघाशी आपल्या परदेशातल्या मंडळात तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोरांच्या खेळण्यातल्या बैलांच्या पोळ्याची, बक्षिसं झाली. नागपूरहून विमानाने आलेला, गळ्यात घुंगरं घातलेला गुडघ्याएवढा बैल पहिला आला. खोकं कापून, बाटलीच्या झाकणांची चाकं लावलेला बैल उत्तेजनार्थात गेला. त्याची मालकीण आठ वर्षांची. तिने परीक्षकांना विचारलं, "बक्षीस बैलाला दिलं की त्याच्या तिकिटाला?" आम्ही परीक्षक लगेच चहाला पळालो.

समाजातली उच्चनीचता कधी जाईल का, हा माझा आजचा विषय. पोट्टीने तो आधीच संपवला. तरी बोलतो.

गावचा पोळा आठवा. मखर बांधलेली मानाची जोडी तोरणाखाली सर्वांत पुढे. पूर्व विदर्भातली मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, १९५१ मध्ये कायद्याने गेली, पण तोरणाखालची रांग कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती. आणि त्या जोडीचा कासरा कोणाच्या हातात? सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या.

त्याचं साल पाडवा ते पाडवा. रोख, थोडं धान्य, कपडे असं ठरतं. त्यातली मोठी रक्कम उचल म्हणून आधीच निघते, पोरीच्या लग्नाला नाहीतर दवाखान्याला. मग खाडे पडले की दिवस कापले जातात. वर्षअखेर उचल फिटली नाही की बाकी पुढच्या सालावर चढते, आणि गडी त्याच वाड्यावर राहतो. त्याला कोणी बांधून ठेवत नाही. वही मालकाच्या कपाटात असते, तेवढं पुरतं.

कापूस वेचणीचंही तसंच. मजुरी किलोवर. पहिल्या वेच्याला बोंडं भरगच्च, बाई भराभर वेचते. फरदडीला, म्हणजे हंगाम सरल्यावरच्या उरल्यासुरल्या कापसाला, बोंडं विरळ, म्हणून भाव वाढवून देतात, तरी दिवसाची मजुरी कमीच पडते. सकाळी दवाने ओला कापूस जड भरतो म्हणून काट्यावर कापतात. दुपारी उन्हाने हलका झालेला मात्र कोणी वाढवून धरत नाही.

इथे परदेशात आपण सगळे सारखे, असं आपण म्हणतो. नवीन माणूस आला की पहिला प्रश्न व्हिसाचा, दुसरा घर कोणत्या भागात. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणताना सावकाराला शिव्या घालतो आपण, आणि पार्किंगमध्ये एकमेकांच्या गाड्या मोजतो. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन करायचे. आपण त्यांची जयंती करतो आणि हॉल झाडायला माणूस लावतो. पुढच्या जयंतीला तरी खराटे आणा, बावा. समितीने सुरुवात करावी, माझ्यासकट.

खोक्याचा बैल अजून स्टेजवरच आहे. एक चाक निघालंय. पुढच्या वर्षी बैल करायचा की मागवायचा, असं ती आईला विचारतेय. आई माझ्याकडे बघतेय.