म्हाताऱ्या झाडांखालची पिल्लं

नमस्कार मंडळी, आज जर्मनीच्या जंगलात जाऊया. तिथे बीच नावाचं झाड आहे, राखाडी गुळगुळीत सालीचं, उंच, आणि सावली अशी दाट की खाली गवतसुद्धा धड उगवत नाही. आता प्रश्न असा की लाकूड तर पाहिजे, पण सगळी झाडं एकदम आडवी केली तर पुढचं जंगल येणार कुठून?

18व्या शतकाच्या शेवटी गेओर्ग लुडविग हार्टिग नावाच्या जर्मन वनाधिकाऱ्याने याचे नियमच लिहून काढले. सगळी झाडं एकदम तोडायचीच नाहीत. आधी थोडीच काढायची, आणि उरलेल्यांच्या फांद्या जवळजवळ एकमेकींना टेकल्या पाहिजेत इतकी दाटी ठेवायची. तीच झाडं बी टाकतात आणि तीच पिल्लांवर सावली धरतात.

पण बी दरवर्षी कुठे येतंय! बीचला चांगला बहर काही वर्षांतून एकदाच येतो, बऱ्याचदा आदल्या वर्षीचा उन्हाळा कडक गेला की. काटेरी बोंडातून तिकोनी बिया पडतात, मग रानडुकरं, उंदीर, पक्षी सगळेच ताव मारतात, त्यातून वाचेल ते पानांखाली हिवाळा काढतं आणि वसंतात उगवतं. पहिली दोन पानं अर्धगोल, जाडसर, वरून हिरवीगार आणि खालून पांढुरकी, एकदा बघितली की दुसऱ्या कुठल्या रोपाशी घोटाळा होत नाही. आणि हे बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकून राहत नाही, म्हणून तोडीचं टायमिंग बहराशी जुळवावं लागतं. बहर हुकला आणि मधेच उजेड जास्त पडला की काटेरी ब्लॅकबेरी आणि गवत जागा बळकावतात, मग बसा पुढच्या बहराची वाट बघत!

रोपं आली म्हणजे काम झालं असंही नाही हं. बीचचं रोपटं सावलीत तग धरतं, पण वाढायला उजेड लागतोच, म्हणून वरची झाडं हळूहळू, टप्प्याटप्प्याने काढायची, कधी कधी यात वीस-तीस वर्षं जातात. घाई केली तर वसंतात उशिरा पडणारं गोठलेलं दव कोवळी पानं जाळून टाकतं, आणि उरलेल्या म्हाताऱ्या झाडांची पातळ सालसुद्धा अचानक पडलेल्या उन्हाने भाजते. मला तर वाटतं या पद्धतीत कुऱ्हाडीपेक्षा संयमच जास्त वापरला जातो.

आपल्याकडे 1864 साली पहिले वनमहानिरीक्षक झाले ते डिट्रिख ब्रँडिस, तेही जर्मनच, आणि अशी टप्प्याटप्प्याची तोड पुढे हिमालयात देवदार, चीड यांच्या जंगलांत वापरली गेली.

तिकडे जर्मनीत आता मोठी डोकेदुखी आहे ती रो हरणांची. कोवळे शेंडे त्यांना भारी आवडतात, आणि आजूबाजूला ओक किंवा सिल्व्हर फरची रोपं असली तर आधी तीच खातात, मग नुसता बीचच पुढे जातो. मिश्र जंगल हवं असेल तर कुंपण घाला नाहीतर शिकार वाढवा, आणि दोन्हींवर गावोगावी वाद ठरलेले.