भेटीत आलेलं जुनं सोन्याचं घड्याळ कसं ओळखायचं

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, लग्नात जावयाला सासऱ्यांकडून, निवृत्तीला सहकाऱ्यांकडून, नाहीतर आजोबांच्या कपाटातून नातवाकडे अशी सोनेरी घड्याळं आपल्याकडे येत असतात. बरेच जण ते घड्याळ घेऊन थेट सराफ बाजार गाठतात. सोन्याचं आहे का आणि किती भरेल, एवढेच दोन प्रश्न. माझी विनंती आहे की सराफाकडे जरूर जा, पण शेवटी जा. त्यांना सोनं कळतं, घड्याळ कळेलच असं नाही. कसोटीवर घासलेली कड पुन्हा भरून येत नाही, आणि जुन्या घड्याळाला मोल असतं ते त्या अस्पर्श कडांमुळे.

घड्याळाची माहिती तीन ठिकाणी असते: डायलवर, केसवर (म्हणजे मशीन ज्यात बसतं त्या धातूच्या बाहेरच्या कवचावर) आणि आतल्या मशीनवर. तिन्हींचा मेळ बसला तरच ओळख पटली म्हणायची. आपण सगळे आधी डायलवरचं नाव वाचतो, आणि नेमकी तीच जागा सर्वांत कमी भरवशाची. म्हणून सुरुवात केसपासून करू.

दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि खिडकीतला उजेड एवढं पुरे. आधी पट्टा काढा. पट्टा अडकवायच्या कानांची टोकं, कानांची आतली बाजू आणि चावीजवळची कड बघा. हात आणि घाम तिथेच सतत लागतो. तिथे पांढुरका किंवा तांबूस धातू डोकावत असेल, हिरवट थर धरला असेल, तर वरचं सोनं म्हणजे मुलामा. मग मागचं झाकण वाचा. त्यावर 'स्टेनलेस स्टील बॅक' किंवा फ्रेंचमध्ये 'फों आसिए इनॉक्सिदाब्ल' असेल तर पुढची केस भरीव सोन्याची नाही, हे जवळपास नक्की समजा. 'रोल्ड गोल्ड', 'गोल्ड फिल्ड', 'प्लाके', '20 मायक्रॉन' हे सगळे शब्द पातळ थराचेच. फेव्हर-ल्युबा, रोमर अशी जी सोनेरी घड्याळं आपल्याकडे घरोघरी दिसतात, त्यांतली पुष्कळशी या प्रकारची. 20 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. पूर्ण केसवरचं ते सोनं एकत्र केलं तरी एक ग्रॅमच्या आसपासही पोचणं कठीण. म्हणून ते घड्याळ टाकाऊ ठरत नाही. मशीन चांगलं असेल तर ते अजून कित्येक वर्षं वेळ दाखवेल.

भरीव सोन्याचे शिक्के बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूला असतात, त्यामुळे झाकण उघडावंच लागतं. ते घरी चाकूने उघडू नका. सोनं मऊ, चाकू निसटला की ओरखडा कायमचा. शिवाय काही केस एकसंध असतात, त्यांना मागून झाकणच नसतं आणि मशीन काचेच्या बाजूने काढावं लागतं. अशी केस मागून उचकटली की संपली. कारागिराकडे उघडून घ्या आणि आतले फोटो तिथेच काढा.

स्विस केसवर 18 कॅरेटला हेल्व्हेशिया म्हणजे स्त्रीच्या मस्तकाचा शिक्का आणि 0.750 हा आकडा, तर 14 कॅरेटला खारीचा शिक्का आणि 0.585. 1880 च्या स्विस कायद्यातून ही पद्धत आली. 1995 पासून या दोन्हींच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं मस्तक आलं. म्हणजे 1950 चं म्हणून दिलेल्या घड्याळावर कुत्र्याचं मस्तक दिसलं, तर केस तरी त्या काळातली नाही. ब्रिटिश केसवर बहुधा 375 म्हणजे 9 कॅरेट, सोबत परखणाऱ्या कार्यालयाची खूण (बर्मिंगहॅमची खूण म्हणजे जहाजाचा नांगर) आणि वर्ष सांगणारं अक्षर. स्विस मशीन आणि बर्मिंगहॅमच्या डेनिसन या केस बनवणाऱ्या कंपनीची केस अशी जोडी दिसली तर दचकू नका. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या ओमेगांना अशा केस रीतसर बसवल्या जात. आपल्या दागिन्यांवरचा बीआयएसचा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक मात्र इथे शोधू नका. 2021 मध्ये हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हा घड्याळं त्यातून वगळली होती. तो शिक्का नाही म्हणून घड्याळ खोटं, हा निष्कर्ष चुकीचा.

आता सराफाकडे जायला हरकत नाही, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. कॅरेट मोजणारं एक्स-रे यंत्र फक्त पृष्ठभागाचे काही मायक्रॉन वाचतं. जाड मुलामा 18 कॅरेटचा असेल तर यंत्र 18 कॅरेटच दाखवेल, आत पितळ असलं तरी. खात्री हवी तर कारागिराकडून मशीन, काच, चावी काढून घ्या आणि रिकामी केस आधी हवेत, मग पाण्यात टांगून तोला. 12 ग्रॅमची केस 18 कॅरेटची असेल तर पाण्यात साधारण 0.8 ग्रॅमने हलकी भरते, पितळेची असेल तर 1.4 ग्रॅमने. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा सराफाकडे असतोच. केसला अडकलेला हवेचा एक बुडबुडाही आकडा बिघडवतो, म्हणून आधी ब्रशने ओली करून घ्या. या पद्धतीत केसला एकही चरा जात नाही.

डायलबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण फसगत इथेच होते. जुनं डायल डागाळलं की पुन्हा रंगवून घ्यायची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणूनच ओळखतात. भिंगातून अक्षरं बघा. कारखान्याच्या छपाईत अक्षराची कड धारदार असते. हाताने केलेल्या कामात शाई पसरते, रेघांची जाडी बदलते. मिनिटांच्या खुणा तासाच्या पट्ट्यांच्या मधोमध येत नाहीत. सहाच्या खाली 'स्विस मेड' गायब असतं, किंवा काचेच्या कडेखाली अर्धं दडलेलं असतं. छोट्या सेकंदकाट्याचं वर्तुळ केंद्रापासून सरकलेलं असतं. भडक निळं, नारिंगी किंवा दोन रंगांचं डायल आणि आत साधं जुनं मशीन, अशी जोडी दिसली की सावध व्हा. उलट, मूळ डायल थोडं पिवळं पडलेलं, ठिपके आलेलं असेल तर ते तसंच राहू द्या. रंगवलेल्या नव्या डायलपेक्षा त्याचं मोल जास्त. काट्यांवर तपकिरी झालेला, अंधारात चमकायचा थांबलेला लेप असेल तर तो खरवडू नका. तो रेडियमचा असू शकतो. चमक गेली तरी रेडियम तिथेच आहे, त्याचं अर्धायुष्य सुमारे 1,600 वर्षांचं, आणि त्याची धूळ श्वासात जाणं घातक.

मशीनवर कंपनीचं नाव, ज्वेलची संख्या आणि कॅलिबर क्रमांक, म्हणजे त्या मशीनच्या मॉडेलचा क्रमांक, असतो. कॅलिबर पुष्कळदा बॅलन्स चाकाखाली, म्हणजे पुढेमागे झुलत वेळ राखणाऱ्या चाकाखाली, लपलेला असतो. ज्वेल म्हणजे कृत्रिम माणकं, घर्षण कमी करण्यासाठी. त्यांना दागिन्याची किंमत नाही. मशीनवर दुसऱ्या कंपनीचं नाव निघालं तर लगेच खोटं समजू नका. पुष्कळ ब्रँड एटा किंवा ए. शिल्ड या मशीन बनवणाऱ्या कंपन्यांची मशीनं वापरत, आणि जुन्या वेस्ट एंड ब्रँडच्या घड्याळात लॉन्जिनचं मशीन निघू शकतं. पण ओमेगाचं नाव डायलवर आहे आणि मशीनवर नाही, तर गडबड आहे. ओमेगाच्या मशीनवरच्या अनुक्रमांकावरून वर्षाचा अंदाज येतो: 1 कोटी म्हणजे 1944, 1 कोटी 20 लाख म्हणजे 1950, 2 कोटी म्हणजे 1963 चा सुमार. एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरा. झाकणावर निवृत्तीची तारीख कोरलेली असेल तर ती या वर्षानंतरचीच हवी. ते कोरीव काम पॉलिश करून घालवू नका, घड्याळाच्या प्रवासाचा तो लेखी पुरावा आहे. देणारी माणसं आहेत तोवर कुणी, कुठून, कधी घेतलं हे विचारून लिहून ठेवा.

'जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. खरं कारण बहुतेक वेळा सुकलेलं तेल. स्प्रिंग पूर्ण भरलेली असते, पण चाकं फिरायला जड झालेली असतात. तशा अवस्थेत रोज वापरलं तर दांड्या झिजतात, म्हणून सर्व्हिसिंग होईपर्यंत चावी देत बसू नका. सर्व्हिसिंग म्हणजे सगळं सुटं करून, धुऊन, नवं तेल. नुसतं मागून तेलाचा थेंब सोडणं नव्हे, त्याने धूळ आणि जुना चिकटा आणखी आत जातो. काम झाल्यावर टाइमग्राफरचा, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्राचा, कागद किंवा फोटो मागा. पूर्ण चावी देऊन, डायल वर ठेवून बॅलन्सचा झोका 270 ते 300 अंश असेल तर उत्तम. 200 च्या खाली असेल तर काम अपुरं. यंत्रात लिफ्ट अँगल (दर टिकटिकीला बॅलन्स चाक ढकललं जातं तेवढा कोन) त्या मशीनचा भरलेला हवा: पुष्कळ मशीनांना 52 अंश, ओमेगाच्या 30 मिलिमीटरच्या मशीनला 49. चुकीचा भरला की झोक्याचा आकडाही चुकीचाच येतो.

जून ते सप्टेंबर हे घड्याळ बाहेर घालू नका. या केसमधली पाणी अडवणारी व्यवस्था मुळात नसते किंवा केव्हाच निकामी झालेली असते. काचेखाली वाफ धरलेली दिसली तर तांदळाच्या डब्यात ठेवू नका, दिव्याखाली तापवू नका. त्याच दिवशी कारागिराकडे उघडायला द्या. गंज आधी चावीच्या पोलादी दांडीला धरतो, मग हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्स चाकाच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला. जुन्या मशीनची हेअरस्प्रिंग गंजली तर तिला जुळणारी दुसरी मिळणं फार अवघड असतं.