गल्ल्याला कुलूप नाही

[दृश्य: पाऊस. जांभ्याच्या पायऱ्या. व्हरांड्यात निथळणाऱ्या छत्र्या.]

दापोली तालुक्यातलं किनाऱ्यालगतचं एक गाव. जुलै महिना. एसटी उशिरा आली, की माध्यमिक शाळेचा पहिला तास अर्धा रिकामाच असतो. छत्र्यांच्या रांगेपलीकडे एक जुना बाक आहे. त्यावर दुकान.

[दृश्य: बाक, अगदी जवळून.]

पेन, पेन्सिल, खोडरबर, शंभरपानी वह्या. दर खडूनं लिहिलेले. दुकानदार नाही. पैसे टाकायला श्रीखंडाचा रिकामा डबा. सुटे हवेत, तर त्यातूनच आपल्या हातानं घ्यायचे. पैसेच नसतील, तर वहीत नाव लिहून उधार.

शनिवारी नववीतली दोन मुलं हिशेबाला बसतात. आधी उरलेला माल मोजायचा, त्यावरून विकला किती ते काढायचं, उधारी वजा करायची, मग डबा उपडा. ओल्या नोटा वहीच्या पानांत दाबून ठेवतात, नाहीतर मोजताना चिकटतात. फरक आला, तर तेवढा आकडा फळ्यावर. चौकशी नाही, कुणाचं दप्तर तपासणं नाही.

सुरुवातीला लोखंडी पेटी होती, किल्ली बाईंकडे. दोन रुपये सुटे हवेत म्हणून मुलं दर सुट्टीत दारात उभी. बाई वैतागल्या, पेटी गेली, डबा आला. तत्त्वापेक्षा वैताग कामाला आला, असं त्या स्वतःच हसत सांगतात.

[दृश्य: भिंतीवर रंगवलेली मूल्यं. रंगाचे पोपडे.]

मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं इथे भिंतीवर आहेत. वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता… परिपाठात प्रतिज्ञा होते, संविधानाची उद्देशिका होते, सुविचार होतो. सुविचार बहुतेकदा गेल्या वर्षीच्या वहीतला. साने गुरुजींचं जन्मगाव पालगड याच तालुक्यात. 24 डिसेंबरला, त्यांच्या जयंतीला फोटोला हार पडतो, भाषणं होतात. ती आम्ही चित्रित केलेली नाहीत.

[दृश्य: आठवीचा वर्ग. खिडकीतून खाडी, झापांनी शाकारलेल्या होड्या.]

हा तास मात्र पूर्ण चित्रित केला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते; माशांच्या विणीचा काळ. बाईंनी विचारलं, बंदीत एक बोट रात्री बाहेर पडली. तुम्हाला कळलं. सांगाल?

वर्ग गप्प. यातल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी बोटीवर जातं.

"बाई, बिनइंजिनाची होडी चालते ना?"

चालते. पण प्रश्न तो नव्हता.

"इंजिनाचं कर्ज आहे, त्याचा हप्ता थांबतो काय?"

"आता पिल्लं मारली, तर नारळी पौर्णिमेनंतर जाळ्यात काय येणार?"

बाईंनी दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली. एकाही वाक्याखाली बरोबरची खूण केली नाही. घंटा झाली.

गल्ला कधी कमी भरतो, कधी चक्क जास्त. या दुकानामुळे दहावीच्या परीक्षेत कॉपी कमी झाली का, हे छातीठोकपणे कुणी सांगत नाही.

[दृश्य: शनिवार. उधारीची वही.]

एक पेन, पाच रुपये. नाव खोडलेलं नाही. पुढे दुसऱ्याच शाईत, घाईघाईत लिहिलेलं: दिले.