पेट्रोल, पाणी आणि उंची : युटा-ॲरिझोनाच्या लाल दऱ्यांतून मोटारसायकलवर

(दृश्य : पहाट. नेवाडातला सपाट माळ, हेडलाइटच्या उजेडात सरळ रस्ता.)

अमेरिकेतल्या लास वेगासहून निघायचं, युटातल्या झायन, ब्राइस कॅनियन आणि कॅपिटॉल रीफ या राष्ट्रीय उद्यानांतून पूर्वेला जायचं. मग दक्षिणेला वळून मॉन्युमेंट व्हॅली, पेज हे गाव आणि ग्रँड कॅनियन करत परत यायचं. हा फेरा पावणेदोन हजार किलोमीटरच्या आसपास भरतो. मुंबईहून लेह गाठलेल्या रायडरला आकडा किरकोळ वाटेल. पण इथे किलोमीटरवर दिवस आखले की गणित हमखास फसतं. पुढचा पंप किती लांब आहे, जवळ पाणी किती आहे आणि आज रस्ता किती मीटर चढणार आहे, या तीन गोष्टींवर दिवस आखायचा.

महिना आधी ठरवा. मे किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या वाळवंटात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि दुपारनंतर इथल्या मॉन्सूनचे ढग फुटतात.

भारतातून जाणाऱ्यांसाठी कागदपत्रांचं थोडक्यात. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून निघतो, पण मूळ लायसन्सवर गिअरच्या मोटारसायकलची नोंद हवी. नुसत्या कारच्या लायसन्सवर भाड्याची बाइक मिळत नाही. जानेवारी २०२६ पासून परदेशी पर्यटकांना झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियनसारख्या ११ उद्यानांत नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय माणशी १०० डॉलर जादा पडतात. २५० डॉलरचा वार्षिक पास घेतला की ते लागत नाहीत, आणि एका पासवर दोन मोटारसायकली जातात. या फेऱ्यात पासच परवडतो.

(दृश्य : पंपावरची तीन बटणं. ८५, ८८, ९१.)

युटातल्या पंपावर पहिलं, सर्वांत स्वस्त बटण बरेचदा ८५ ऑक्टेनचं असतं (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली पेट्रोल वेळेआधी आपोआप न पेटण्याचं माप). ते दाबू नका. उंचावर हवा विरळ, म्हणून सिलिंडरमधला दाब कमी, म्हणून कमी ऑक्टेन चालतं, हा हिशेब जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांचा. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना किमान ८७ लागतं, मोठ्या व्ही-ट्विनना, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनांना, ९१. शिवाय सकाळी २,४०० मीटरवर भरलेलं पेट्रोल दुपारी १,२०० मीटरवर, भर उन्हात जळत असतं. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन टकटक वाजू लागलं, तर एक गिअर उतरवा आणि पुढच्या पंपावर चांगलं पेट्रोल भरा. भारतातल्या मोजणीचं ९१ आणि अमेरिकेतलं ८७ जवळपास सारखंच, कारण मोजायची पद्धत वेगळी आहे. त्यामुळे भारतातल्या सवयीने ९१ शोधत बसायची सगळ्याच गाड्यांना गरज नाही.

आणखी एक अडचण ठरलेली. पंपावरचं यंत्र कार्डासोबत अमेरिकेतला पाच आकडी झिप कोड मागतं, आणि आपलं कार्ड नाकारतं. आत काउंटरवर जाऊन आधी पैसे भरायचे. रात्री काउंटर बंद असलेल्या गावात हीच गोष्ट अंगाशी येते, म्हणून टाकी उजेडातच भरून ठेवा.

(दृश्य : झायन. लाल डांबरी रस्ता, कड्यात शिरणारा बोगदा.)

झायनमध्ये वसंतापासून शरदापर्यंत मुख्य दरीचा रस्ता खासगी वाहनांना बंद असतो. बाइक व्हिजिटर सेंटरला लावून शटल बस घ्यायची. बाइकवरून जायचा रस्ता तो नव्हे. तो आहे पूर्वेकडचा, माउंट कार्मेलचा. १९३० मध्ये खुला झालेला इथला बोगदा १.८ किलोमीटर लांब आहे आणि आत दिवे नाहीत. कड्याच्या बाजूने कोरलेल्या काही खिडक्यांतून उजेडाचे झोत येतात, आणि त्यामधला अंधार आणखीच गडद वाटतो. तोंडाशी पोचायच्या आधीच गॉगल काढा, काळी काच वर करा. आत शिरल्यावर एका हाताने गॉगल चाचपडणारा रायडर आपल्या लेनमध्ये राहत नाही.

बोगद्यापलीकडे रस्ता चढू लागतो. वेगास सुमारे ६०० मीटरवर, ब्राइसचा कडा २,४०० ते २,७०० मीटरवर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं. सकाळी जाळीचं जॅकेट घालून निघालेला माणूस संध्याकाळी ब्राइसला कुडकुडतो. थंडीचं अस्तर आणि जाड हातमोजे पॅनियरच्या (बाइकच्या बाजूच्या पेटीच्या) तळाशी गेले तर त्यांचा उपयोग नाही, ते सगळ्यात वर हवेत. या थंडीनेच ब्राइस घडवलंय. वर्षातल्या दीडशेहून जास्त रात्री भेगांतलं पाणी गोठतं, फुगतं, सकाळी वितळतं. असं होत होत कड्याची भिंत फुटून नारिंगी सुळके उभे राहिले.

ब्राइसनंतर हायवे १२. सगळ्या फेऱ्यात एकच दिवस सावकाश काढायचा असेल तर तो इथे काढा. एस्कलांटे ते बोल्डर या पट्ट्यात हॉगबॅक नावाची सोंड आहे. रस्ता तिच्या माथ्यावरून जातो आणि दोन्ही बाजूंना दरी. कठडा बहुतेक ठिकाणी नाही. वारा आडवा असेल तर गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल ठेवा आणि नजर पुढच्या वळणावर. पुढे बोल्डर माउंटनवर रस्ता २,९०० मीटरच्या वर जातो. मेमध्येही तिथे सावलीत बर्फ असू शकतं, आणि तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर येतात. हा डोंगर सूर्य मावळायच्या तासभर आधी उतरलेला बरा.

(दृश्य : डांबरावरचे काळे वेडेवाकडे पट्टे, अगदी जवळून. वरून टायर जातो.)

हे पट्टे नीट बघा. डांबरातल्या भेगा बुजवायला रबरमिश्रित डांबर ओतलेलं असतं. सकाळी ते कडक असतं, दुपारच्या उन्हात मऊ आणि निसरडं होतं. वळणात टायर त्यावर आला की गाडी किंचित बाजूला सरकते आणि पुढच्याच क्षणी पकड परत मिळते. घाबरून ब्रेक दाबला तर मात्र ती मिळत नाही. थ्रॉटल आहे तसा ठेवा. मोकळ्या कुरणांच्या भागात रस्त्यावर आडव्या लोखंडी नळ्यांची जाळी लागते, गुरांनी ओलांडू नये म्हणून. ती सरळ, गाडी न कलवता आणि ब्रेक सोडून पार करायची. जाळीपलीकडे गाय रस्त्यात उभी असू शकते, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

टायरची हवा पहाटे, गाडी चालवायच्या आधी मोजायची. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने (पंपावर हवा मोजतात ते एकक) वाढतो. दुपारी जास्त दिसली म्हणून हवा काढली, तर दुसऱ्या दिवशी गार टायर कमी हवेवर धावतो, जास्त दबतो आणि जास्तच तापतो.

कॅपिटॉल रीफमधून हँक्सव्हिलला आलात की थांबा, आणि टाकी गळ्यापर्यंत भरा. इथून हायवे ९५ ने नॅचरल ब्रिजेस पाहून मेक्सिकन हॅटला पोचेपर्यंत सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त अंतर पडतं. वाटेत एखादा पंप नकाशावर दिसला तरी तो उघडा असेलच असं धरू नका. सामान लादलेली मोठी क्रूझर समोरच्या वाऱ्यात लिटरला १८ किलोमीटर देईल. २२ लिटरची टाकी निर्धास्त पोचवते. साडेबारा लिटरची टाकी काठावर कोरडी पडते. अशी बाइक असेल तर चार लिटरचा कॅन सोबत हवाच. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र गटात एक तरी असावं. ते बॅगेत ठेवू नका, अंगावर ठेवा. पडलेला माणूस आणि गाडी यांत अंतर असू शकतं.

उन्हाचं सगळ्यात मोठं फसवं रूप याच पट्ट्यात दिसतं. कोकणात घाम निथळतो, म्हणून पाण्याची आठवण होते. इथे हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आत उडून जातो. त्वचेचं तापमान पस्तीसच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली की अंगावर येणारा वारा शरीर गार करत नाही, उलट तापवतो. म्हणून चाळीस अंशांत जॅकेट काढून टी-शर्टवर चालवणारा सगळ्यात आधी आजारी पडतो. आतला शर्ट पाण्याने भिजवा, वरून जॅकेट घाला आणि वारा थोडाच आत येऊ द्या. ओलावा तासभर टिकतो, मग पुन्हा भिजवा. प्यायला दिवसाला किमान चार लिटर, तेही घोट घोट, पाठीवरच्या पिशवीच्या नळीने. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि डोकं गरगरतं. दर दोन-तीन तासांनी ओआरएस आणि काहीतरी खारं खा. डोकं ठणकणं, चिडचिड, ओळखीच्या गिअरमध्ये चुका, ही लक्षणं दिसली की गाडी सावलीत लावायची, पुढच्या गावापर्यंत रेटायचं नाही. युटात २१ वर्षांवरच्यांना हेल्मेटची सक्ती नाही. तरीही ते डोक्यावरच हवं, उन्हासाठीसुद्धा.

(दृश्य : मोकी डगवे. कड्यावरून खाली उतरणारी खडीची वळणं.)

नॅचरल ब्रिजेसजवळ हायवे ९५ सोडून मेक्सिकन हॅटकडे जाणारा हायवे २६१ सरळ चालत येतो आणि अचानक पठार संपतं. पुढचे पाच किलोमीटर खडीचे. ३३५ मीटर खाली, सुमारे ११ टक्के उतार. १९५०च्या दशकात युरेनियमचं खनिज वाहणाऱ्या ट्रकांसाठी हा रस्ता कड्यात खोदला. कोरड्या दिवशी जड क्रूझरही उतरते. वरच पहिला किंवा दुसरा गिअर घाला आणि वेग इंजिनवर रोखा. मागचा ब्रेक मुख्य, पुढचा दोन बोटांनी, तोही गाडी सरळ असतानाच. ब्रेकचं काम वळणाआधी संपवायचं. वळणाच्या आतल्या अंगाला खडी सैल आणि खोल असते, म्हणून चाकांनी दाबलेल्या पट्ट्यात राहा. चढणाऱ्याला वाट द्या. पाऊस झाला असेल तर उतरू नका. ब्लँडिंग आणि ब्लफवरून डांबरी वळसा आहे. भाड्याच्या करारात खडीच्या रस्त्याला बंदी असेल, तर हाच वळसा घ्या.

मॉन्युमेंट व्हॅली नॅव्हाहो राष्ट्राच्या, म्हणजे नॅव्हाहो या मूळनिवासी जमातीच्या स्वायत्त भूमीच्या, हद्दीत आहे, तिथे राष्ट्रीय उद्यानांचा पास चालत नाही. दरीतला २७ किलोमीटरचा कच्चा फेरा मोटारसायकलींना बंद आहे. नॅव्हाहो वाटाड्याची जीप घ्या. वाळू पाहिली की बंदी पटते. उन्हाळ्यात घड्याळाचा घोळ होतो. नॅव्हाहो भूमी युटाप्रमाणे वेळ पुढे करते, उरलेलं ॲरिझोना करत नाही, त्यामुळे पेज तासभर मागे असतं. फोन कधी या टॉवरची वेळ धरतो, कधी त्या. पेजजवळच्या अँटिलोप कॅनियन या अरुंद दरीच्या सहली पेजच्या वेळेवर चालतात. बुकिंग करतानाच विचारून घ्या.

अँटिलोपमध्ये वाटाड्याने ‘आज बंद’ म्हटलं तर वाद घालू नका. १२ ऑगस्ट १९९७ रोजी खालच्या अँटिलोप कॅनियनमध्ये पुराच्या लोंढ्यात ११ जण गेले. मोठा पाऊस झाला होता तो तिथून मैलोगणती वर. खडकाळ जमीन पाणी मुरू देत नाही, सगळं पाणी अरुंद फटीत उतरतं. रस्त्यावरच्या कोरड्या नाल्यांनाही हेच लागू आहे. गढूळ पाणी वाहत असेल तर खाली डांबर आहे की खड्डा, ते दिसत नाही. तासाभरात पाणी बहुधा ओसरतं. थांबा.

पेजहून ग्रँड कॅनियनचा दक्षिण कडा धरा. उत्तर कड्यावरचा लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळून गेला. डेझर्ट व्ह्यूकडून पूर्वेच्या दाराने आत शिरलात तर दरी पहिल्यापासून डाव्या नव्हे, उजव्या हाताला राहते आणि थांबायला उजवीकडे वळणं सोपं जातं. अंधार पडला की एल्क रस्त्यावर येतात, हरणाच्या कुळातली घोड्याएवढी जनावरं. मुक्कामाला उजेडात पोचा. परतीला वेगास साधारण साडेचारशे किलोमीटर. पहाटे निघून दुपारच्या आत किंगमन ओलांडा, कारण तिथून पुढे रस्ता पुन्हा खालच्या वाळवंटात उतरतो.