दोन ठिपके, पण कुठे?

मंडळी, समोरच्या ट्रेमधले सगळे मासे आज सकाळी पैठणच्या नाथसागराच्या काठाला एकाच फेकजाळ्यात आले. काठावर कुणालाही विचारा, उत्तर एकच येईल: खवली. बाजारात तेवढं पुरतं. लहान मासा वाट्यावर जातो, त्याची जात कुणी बघत नाही. पण आपण नोंदवही घेऊन बसलो आहोत. दुधना, मांजरा, सिंदफणा या मराठवाड्यातल्या नद्यांच्या नोंदीत नुसतं ‘खवली’ लिहिलं, तर पुढच्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही. आपल्याकडे दुष्काळ नवा नाही. २०१६ साली लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं. अशा वर्षी नद्यांचे डोह आटतात. नंतर पाणी आल्यावर चढणीला कोणता मासा परतला आणि कोणता नाही, हे आधीची नोंद पक्की असेल तरच सांगता येतं. म्हणून मी या अंगठ्याएवढ्या माशांसाठी एवढा आग्रह धरतो.

आता हे दोन मासे बघा. दोन्ही चपटे, चांदीसारखे, दोन्ही बिनमिशांचे. आणि दोघांनाही दोन काळे ठिपके! इथेच बहुतेकांची गल्लत होते. ‘दोन ठिपके’ एवढं लिहून भागत नाही, ते कुठे आहेत ते लिहा. या पहिल्याला एक लहान ठिपका कल्ल्याच्या मागे आहे आणि दुसरा मोठा, शेपटीच्या बाजूला, गुदपर, म्हणजे पोटाखालचा शेपटीजवळचा पर, जिथं संपतो त्याच्या वर. हा टिक्टो. दुसऱ्याचा एक ठिपका अगदी शेपटीच्या बुडाशी आहे आणि दुसरा अंगावर नाहीच, तो पाठीच्या पराच्या बुडाशी आहे. पर मिटलेला असला की दिसतच नाही. ओल्या सुईनं पर उभा करा, मग दिसेल. हा सोफोर.

ठिपके फिके पडतात, रंग तर त्याहून फसवा. विणीच्या दिवसांत नराच्या अंगावर लाली चढते आणि एकच जात दोन जातींसारखी वाटते. म्हणून माझा भरवसा हाडावर आणि खवल्यांवर. पाठीच्या पराचा तो जाड, फांद्या न फुटलेला काटा धरा आणि त्याच्या मागच्या कडेवरून नख हळूच वर-खाली फिरवा. टिक्टोच्या कडेला बारीक दाते आहेत, उसाच्या पानासारखे नखाला अडकतात. सोफोरचा काटा गुळगुळीत.

मग भिंग घ्या आणि पार्श्वरेषा बघा. कल्ल्यापासून शेपटीकडे जाणारी, छिद्र असलेल्या खवल्यांची ही ओळ म्हणजे माशाचं पाण्यातली हालचाल जाणण्याचं इंद्रिय. सोफोरमध्ये ती शेपटीपर्यंत जाते, साधारण २३ ते २६ खवले. टिक्टोमध्ये ती थोड्याच खवल्यांनंतर थांबते, पुढचे खवले बिनछिद्राचे. मासा वाळला की हे दिसत नाही, म्हणून तो ओला ठेवा.

तोंडाच्या कोपऱ्यातही डोकवा. चोला नावाची जात सोफोरच्या फार जवळची दिसते, शेपटीचा ठिपकाही तसाच. पण तिला मिशांची एक जोडी असते, छोटी, ओठाच्या खोबणीत दडलेली.

नावांचं थोडक्यात सांगतो. टिक्टो आणि सोफोर या दोन्ही जाती फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्ग-अभ्यासकानं १८२२ मध्ये वर्णिल्या. २०१२ मध्ये टिक्टोला पेथिया या नव्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातलं गेलं. जुन्या अहवालातला पुंटियस टिक्टो आणि आजचा पेथिया टिक्टो हा मासा एकच. यादीत दोनदा मोजू नका.

नमुना ठेवायचा तर आधी फोटो: डावी बाजू, पर पसरलेले, शेजारी मोजपट्टी. फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवायच्या द्रवात, लाली टिकत नाही. गाव, नदी, तारीख लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाका, आणि ती पेन्सिलीनंच लिहा.